दार सुकेपर्यंत

मूळ तक्रार एवढीच होती की दार खाली घासतं. उघडताना घासायचं, लावताना त्याहून जास्त घासायचं, आणि कुलूप लावायचं म्हणजे एकानं खांदा देऊन दार रेटायचं आणि दुसऱ्यानं तेवढ्यात किल्ली फिरवायची. इतकं करूनही कधीकधी दार मनात आलं की सुटायचं. बाजारातून परत यावं तर घर सताड उघडं आणि दार आपलं निवांत भिंतीला टेकलेलं. पण चोरानं न्यावं असं घरात काही नव्हतं आणि घरात कुणी ना कुणी असायचंच, त्यामुळे बरीच वर्षं ही तक्रार तक्रारच राहिली.

आता मात्र घर बंद करून जायचं होतं, तेही दोघांनी.

दोघं म्हणजे माजी आणि त्यांची बायको. माजींना नाव आहे, पण ते फक्त लाइटबिलावर. कधीकाळी ते बिल्डिंगच्या कमिटीचे चेअरमन होते, मग एका मीटिंगनंतर नव्हते. तेव्हापासून सगळे त्यांना माजी म्हणतात. त्यांच्या जागी जो आला त्याला ओघानंच चालू म्हणायला लागले. त्यात कुणाचा काही वाईट हेतू होता असं नाही. नव्हता असंही कुणी शपथेवर सांगणार नाही.

जायचं होतं ताईकडे. ताई म्हणजे माजींच्या बायकोची थोरली बहीण. तिचा मुलगा परदेशातून तिला कायमची न्यायला आला होता. घर आवरणं चाललं होतं, भांडी वाटून झाली होती, आता महिनाअखेरीस ताई विमानात बसली की पुन्हा कधी दिसेल कुणाला ठाऊक. या दोघी बहिणी गेल्या कित्येक वर्षांत भेटल्या होत्या त्या कुणाच्या तरी लग्नाकार्याच्या गर्दीत, उभ्या-उभ्या, हातात कुणाचं तरी पोर नाहीतर कुणाची तरी पिशवी. बसून बोलणं झालंच नव्हतं. शनिवारची सकाळची गाडी, चार दिवस ताईकडे, दुसरं काम नाही. बायकोनं बॅग आठवडाभर आधीच भरून ठेवली होती आणि रोज एकदा उघडून पुन्हा भरत होती.

म्हणून सोमवारी सुतार बोलावला.

सुतारानं बिजागऱ्या सोडवल्या, दार दोन स्टुलांवर आडवं टाकलं आणि खालच्या कडेला रंधा मारला. इथं काम संपलं होतं. इथंच दार बसवून तो निघून गेला असता तर ही गोष्ट सांगायला कुणी बसलं नसतं. पण रंधा मारताना क्रीम रंगाचा एक पापुद्रा उडाला आणि सुतारानं सहज म्हणून तो आणखी खरवडला. आतून लाकूड दिसलं. साधंसुधं नाही, सागाचं. सुतार म्हणाला की असल्या लाकडावर रंगाचे थर चढवणाऱ्याला काय म्हणावं. ते थर माजींच्याच काळात चढले होते, सगळ्या दारांना एकच क्रीम रंग हा नियम त्यांनीच मीटिंगमध्ये पास करून घेतला होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

सुतारानं दुपारभर बसून अख्खं दार खरवडलं, पॉलिश पेपर मारला आणि निघताना म्हणाला की जवसाचं तेल द्या, लाकूड उठून दिसेल, ओलही धरणार नाही, म्हणजे पुन्हा फुगणार नाही. हात हलका ठेवा, सुकलं की फोन करा, येऊन बसवून देतो.

माजींना सगळं पटलं, फक्त हलका हात पटला नाही. हलका हात कंजूष लोकांचा असतो. ज्या दारानं इतकी वर्षं रंगाखाली गुदमरून काढली त्याला आता पोटभर द्यायला नको?

हार्डवेअरच्या दुकानात माजी गेले तेव्हा गर्दी होती. दुकानदारानं वर न बघता विचारलं, कच्चं की डबल बॉइल. आता हा प्रश्न कुणालाही विचारा, जरा विचार करणारा माणूस काय म्हणेल? उकळलेलं म्हणजे कुणीतरी आधी वापरलेलं, तेही दोनदा. माजींनी आवाज चढवून सांगितलं की आपल्याला एकदम शुद्ध, कच्चंच द्या. दुकानदारानं पहिल्यांदा मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ माजींनी आदर असा लावला.

डबल बॉइल एका दिवसात सुकतं आणि कच्चं आठवडेच्या आठवडे घेतं, हे दुकानदाराला माहीत होतं. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगणारे सगळे त्या वेळी माजींच्या मजल्यावर जमलेले होते.

दार बाहेर पॅसेजमध्ये स्टुलांवर होतं आणि पॅसेज जिन्याला लागून. त्यामुळे बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस जाता-येता दाराजवळ थांबत होता. आजारी माणसाला भेटायला यावं तसे हात मागं बांधून उभे राहायचे आणि मान हलवायचे. समोरच्या काकूंनी दारावरून हात फिरवून सांगितलं की लाकूड कोरडं पडलंय, माझ्या केसांचं झालं होतं तसं. मग त्या आत जाऊन स्वतः घरी करतात ते डोक्याचं तेल घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरचे मास्तर, जे रिटायर होऊन जमाना झाला तरी समोर दोन माणसं उभी दिसली की तास घ्यायला लागतात, त्यांनी सांगितलं की पूर्वी जहाजांना एरंडेलच लावत. कुठल्या जहाजांना, ते विचारायची सोय नव्हती, कारण मग जहाजांवर तास झाला असता. मास्तर एरंडेलाची बाटली घेऊनच खाली उतरले होते. ती घरात कशासाठी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विषय काढला नाही.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, थँक यू, मी माझं आणलंय. पण माजी पडले कमिटीतले माणूस. सगळ्यांना धरून चालायची त्यांना सवयच. दाराला चार पॅनेल होती. त्यांनी दोन पॅनेल जवसाला दिली, एक काकूंना आणि एक मास्तरांना. प्रत्येकानं आपलं पॅनेल आपल्या हातानं चोळलं. काकूंनी तर बोटांच्या टोकांनी, मुळाशी मुरेल असं. मास्तर वरून सांगत होते की लाकूड पितं, पीत असेल तोवर पाजा. मग माजींनीही बाटली आडवी केली आणि पाजलं. दार प्यायलं, थोडं प्यायलं, आणि मग त्याचं पोट भरलं. बाकीचं तेल वर तळ्यासारखं उभं राहिलं.

पण दिसत काय सुंदर होतं! पॅसेजच्या खिडकीतलं ऊन त्यावर पडलं तेव्हा रेषान् रेष उठली होती, मधासारखा रंग आला होता. जो तो म्हणाला की वा. माजींना चेअरमनपद गेल्यापासून कुणी वा म्हटलं नव्हतं. त्यांनी तिथंच जाहीर केलं की उद्या दार बसेल.

दुसऱ्या दिवशी माजींनी दाराला बोट लावलं. बोट चिकटलं. सोडवलं तेव्हा मागे ठसा राहिला, असा स्वच्छ की पोलिसांनी कौतुक करावं. माजींनी विचार केला की अजून पुरेसं मुरलेलं नाही, म्हणून चिकटतंय. मुरायला काय हवं? तेल. त्यांनी आणखी एक हात दिला.

तेवढ्यात चालू आला. चालू कधी भांडायला येत नाही, तो नियम सांगायला येतो. त्यानं सांगितलं की पॅसेज सगळ्यांचा आहे, त्यात खासगी वस्तू ठेवता येत नाही, आणि दारं क्रीम रंगाचीच हवीत. माजी म्हणाले, मग गच्चीवर ठेवतो. चालू म्हणाला की जरूर ठेवा, गच्चीच्या किल्लीसाठी अर्ज द्या, कमिटी विचार करेल. माजी जाम भडकले. किल्लीसाठी अर्ज कुठल्या शहाण्यानं काढला, असं त्यांनी विचारलं. चालू नुसता हसला. तेव्हा माजींना आठवलं की तो शहाणा कोण. ते आत गेले आणि स्वतःच काढलेल्या नियमाप्रमाणे अर्ज लिहायला बसले, आणि लिहिताना बॉलपेन इतकं दाबलं की खालच्या टेबलक्लॉथवरही अर्ज उमटला.

गच्चीवर दार एक दिवस राहिलं. वारा होता, ऊन होतं, सुकायला सगळं छान होतं. पण गच्चीवर कबुतरंही होती. त्यातलं एक दारावर उतरलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं. त्याची सगळी पावलं उमटली होती. मधे एका ठिकाणी थांबून त्यानं विचार बदललेलाही दिसत होता. बाकीच्यांनी पिसं दिली. काकूंच्या पॅनेलवर डास होते, मास्तरांच्या पॅनेलवर धूळ, आणि जवसाच्या दोन्ही पॅनेलवर ज्याला जे जमेल ते. माजींनी दार खाली आणलं तेव्हा ते मुळात झाड होतं असं वाटेना, कुठल्यातरी प्राण्याचं कातडं वाटत होतं.

शेवटी दार घरात घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर ठेवलं. माणसं जमिनीवर जेवायला लागली.

आणि या सगळ्या दिवसांत घराला दार नव्हतं, ही गोष्ट बोलता बोलता राहून गेली. दाराच्या जागी बायकोनं एक चादर टांगली होती, फुलाफुलांची. चादरीला कडी नसते, बेल नसते आणि चादरीवर टकटक करता येत नाही. त्यामुळे लोक आधी आत यायचे आणि मग विचारायचे की येऊ का. खालच्या पोरांचा चेंडू आत आला, मागोमाग पोरं आली, मग पोरांना शोधत त्यांची आई आली आणि बसली. एक पाण्याचा फिल्टर विकणारा आला, त्यानं अख्खा फिल्टर जोडून दाखवला आणि मग त्याला सांगितलं की आमच्याकडे आहे. काकू तर आपल्या पॅनेलची तब्येत बघायला दिवसातून कितीदा यायच्या त्याला हिशोब नाही. वारा आला की चादर उडायची आणि जिन्यातून जाणाऱ्याला अख्खं घर दिसायचं, माजी बनियनवर, टेबलावर दार, दारावर पंखा फुल.

घर सोडून दोघांना एकदम बाहेर जाता येत नव्हतं. बायकोला ताईसाठी एक शाल घ्यायची होती, मनासारखी, चार दुकानं बघून. ती एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि पहिली दिसली ती घेऊन आली. बॅगेत शाल ठेवताना फक्त म्हणाली, "शनिवारी गाडी आहे, लक्षात आहे ना?" माजी म्हणाले की दार उद्या सुकतंच. हे ते रोज म्हणत होते, पण रोज नव्या विश्वासानं.

गुरुवारी धूर झाला. माजींनी तेलाची सगळी फडकी बोळा करून एका बादलीत कोंबली होती आणि बादली जिन्याखाली, जुन्या पेपरांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवली होती. दुपारी बोळ्यातून धूर यायला लागला. कुणी काडी लावलेली नाही, विडी नाही, काही नाही, आणि धूर. खालून आरडाओरडा झाला. चालूनं भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढलं, पण ते कसं चालवायचं हे कमिटीत कुणालाच माहीत नव्हतं, तो त्याच्यावरच्या सूचना वाचत उभा राहिला. तोवर काकू धुण्याचं पाणी ओतून मोकळ्या झाल्या. त्या पाण्यात चालूची पॅण्ट गुडघ्यापर्यंत विझली.

चालूचं म्हणणं, माजी जिन्याखाली लपून सिगरेट ओढतात. त्यानं ते मोठ्यानं मांडलं. माजींनी उभ्या आयुष्यात सिगरेट धरलेली नव्हती. त्यांचा चेहरा असा झाला की बघवेना. सगळ्यात वाईट म्हणजे बायकोनं जवळ येऊन त्यांच्या शर्टाचा वास घेतला. तेव्हा मास्तर जिन्यावरून उतरत म्हणाले की सिगरेट नाही, जवसाचं तेल सुकताना तापतं, फडकी बोळा करून ठेवली तर पेटतात, साधं विज्ञान आहे. माजींनी विचारलं की हे आधी का नाही सांगितलं. मास्तर म्हणाले की ते पुढच्या धड्यात होतं.

शुक्रवारी संध्याकाळी माजींनी दाराला बोट लावलं नाही. लावायची गरजच नव्हती, पंख्याच्या वाऱ्यानं उडून आलेली किराण्याची पावती दाराला चिकटून फडफडत होती.

बायकोनं ते बघितलं. ती आत गेली. कपाटाच्या दारांचा आवाज आला. ती बॅगेतून साड्या काढून परत कपाटात ठेवत होती, एकेक करून, घडी मोडू न देता. ती ओरडली असती तर माजींनी उत्तर दिलं असतं, त्यांच्याकडे सुताराबद्दल, दुकानदाराबद्दल, हवेबद्दल भरपूर मुद्दे तयार होते. पण ती ओरडलीच नाही. माजी दारात उभे राहिले, म्हणजे बेडरूमच्या, आणि म्हणाले की तू एकटी जा, मी घर राखतो.

"गेले असते," ती म्हणाली, "पण तुम्हाला इथं एकट्याला सोडून? चार दिवसांत भिंतींनाही तेल लावाल."

हा टोमणा होता, पण तिला तो धड मारता आला नाही. मग तिनं ताईला फोन लावला आणि सांगितलं की येत नाहीये, घराला दार नाही. पलीकडून काय आलं ते माजींना ऐकू आलं नाही. बायको बराच वेळ नुसती हं, हं करत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. शाल खुर्चीवर तशीच पडली होती.

त्या रात्री माजी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण कमी.

शनिवारी दुपारी चादर बाजूला झाली आणि आत एक पिशवी आली, मग एक छत्री, मग ताई. ती उलट्या गाडीनं इकडे आली होती. दार नाही म्हणून बहीण येत नाही, तर दार नाही म्हणजे मला कुणी अडवणारही नाही, असा तिचा सरळ हिशोब. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तशीच उभी राहिली, फडकं हातात धरून. ताईनं तिला जवळ घेतलं, डोक्यावर एक टपली मारली, आणि मग तिच्या खांद्यावरून टेबलाकडे बघून विचारलं, "हे काय मेलंय तुमच्या टेबलावर?"

माजींनी प्रतिष्ठेला शोभेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. ताईनं ऐकून घेतलं, दाराला हात लावला, हात सोडवला, आणि हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली. तिचा मुलगा शाळेत असताना त्यानं नव्या बॅटला असंच तेल पाजलं होतं. वाटी भरून ओतलं होतं. ती बॅट इतकी चिकट झाली की बॉल लागला तर सुटायचा नाही, आणि पोरगं म्हणायचं की कॅच आउट तरी होणार नाही. ती बॅट ताईनंच साफ केली होती. तेव्हापासून तिला कळलं होतं की तेल लाकडाच्या पोटात जायला हवं, अंगावर राहता कामा नये. थोडंसं लावायचं, चोळायचं, आणि मग पुसून काढायचं, इतकं की वाटावं लावलंच नाही.

"पुसून काढायचं?" माजींनी विचारलं. लावलेलं पुसायचं, हे त्यांच्या मनाला फारच लागलं.

ताईनं त्यांना टर्पेंटाइन आणायला पिटाळलं आणि बरोबर डबल बॉइलची छोटी बाटलीही सांगितली. दुकानदारानं दोन्ही काढून दिलं आणि या वेळी मान वर केलीच नाही. माजींना त्याचं बरं वाटलं.

मग दोघी बहिणी दाराच्या दोन बाजूंना बसल्या. पदर खोचले, जुनी बनियनं फाडून घेतली आणि चिकटा काढायला लागल्या. टर्पेंटाइननं भिजवायचं, घासायचं, पुसायचं, फडकं बदलायचं. कबुतराची पावलं निघाली, पिसं निघाली, मास्तरांचं एरंडेल निघता निघेना. हाताला काम होतं आणि तोंड मोकळं होतं. माजींना स्वयंपाकघरात चहाच्या कामावर लावलं होतं. तिथून त्यांना अर्धंमुर्धं ऐकू यायचं. कुणाच्या तरी आत्याची नक्कल. वडिलांनी एका बहिणीला पोहायला पाठवलं आणि दुसरीला नाही, त्याचं जुनं भांडण, जे बायकोनं माजींना कधीच सांगितलं नव्हतं. मग आवाज खाली जायचे, मग एकदम दोघी हसायच्या, मग नुसता फडक्याचा खसखस आवाज, आणि त्यात एकदा नाक ओढल्याचा. माजी तेव्हा कपबश्या घेऊन बाहेर निघाले होते. ते परत आत आले आणि चहा पुन्हा गरम करत बसले.

काकू डोकावल्या तेव्हा ताईनं त्यांचं तेल फार सुवासिक आहे, केसांना लावा असं सांगून परत पाठवलं. मास्तर आले तर त्यांना पॉलिश पेपर देऊन बसवलं. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काम दिलं होतं, ते जरा वेळानं आठवण आल्यासारखं करून निघून गेले.

रविवारी डबल बॉइलचा पहिला हात. फडक्याला चार थेंब, चोळायचं, थांबायचं, पुसायचं. फडकी बोळा न करता दोरीवर पसरून वाळत घालायची. सोमवारी दुसरा हात. दोन हातांच्या मधे अख्खा दिवस मोकळा असायचा, आणि दार सुकतंय म्हणून कुणाला कुठं जाता येत नव्हतं. दोघी टेबलाशेजारी बसून भाजी निवडायच्या. एकदा शालही बदलून आणली, चार दुकानं फिरून. माजींनी घर राखलं.

चालू आला तो नियम घेऊनच आला होता. पण दाराजवळ आल्यावर थबकला. ओला चकचकाट नव्हता आता, आतून कुणीतरी दिवा लावल्यासारखं लाकूड उजळलं होतं. चालूनं हात फिरवला, आधी बोटं, मग अख्खा तळवा. क्रीम रंगाबद्दल तो काही बोलला नाही. जाताना माजींना बाजूला घेऊन त्यानं हळूच विचारलं की सगळी दारं एकाच वेळी बसवली होती ना, म्हणजे माझ्याही रंगाखाली हेच असेल का. माजी म्हणाले, अर्ज द्या.

ताईच्या मुलाचा फोन रोज यायचा. त्याचं बरोबरच होतं. सामानाच्या पेट्या उघड्या पडल्या होत्या, काय ठेवायचं काय टाकायचं ते आईशिवाय ठरत नव्हतं, जायचे दिवस जवळ येत होते. ताई रोज एकच सांगायची, अरे इथं घराला दार नाही, बहिणीला उघड्यावर टाकून कशी येऊ, सुकलं की निघते. फोन ठेवला की ती ताबडतोब भाजीकडे वळायची, जणू काही फोन आलाच नव्हता.

बुधवारी तिसरा हात सुकला. माजी सकाळी उठले आणि सवयीनं दारापाशी गेले. बोट लावलं. काही नाही. दोन बोटं लावली. मग गाल लावला. कोरडं, गुळगुळीत, गार, आणि कुठं ठसा नाही. माजींना इतका आनंद झाला की त्यांनी आधी कुणाला उठवलंच नाही, एकटेच दाराभोवती चक्कर मारत राहिले. मग सुताराला फोन केला. सुतार लगेच येतो म्हणाला आणि, जे त्याच्या धंद्यात कधी होत नाही, लगेच आला. हत्यारांची पिशवी खाली ठेवून त्यानं दार बघितलं आणि नुसतं एवढंच म्हणाला, "झालं की."

दोघी बहिणी तेव्हा नुकत्याच उठून चहा घेत होत्या. सुताराचं बोलणं त्यांनी ऐकलं. बायकोनं कप बशीत ठेवला, आवाज न करता. ताई उठली, खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि तिचा बंद विनाकारण सोडून पुन्हा बांधला. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. दार तयार झालं म्हणून घरात आनंद व्हायला हवा होता. पण झाला होता तो एकट्या माजींना, आणि तोही आता त्यांना जरा अडचणीचा वाटायला लागला.

फोन वाजला. ताईचा मुलगा. ताईनं फोन कानाला लावला, ऐकून घेतलं, आणि तसाच माजींच्या हातात दिला. "तुमच्याशीच बोलायचंय त्याला."

पोरगा म्हणाला, "काका, आईला विचारून काही कळत नाही. तुम्ही खरं सांगा. दार सुकलं का नाही?"

सुतार स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन उभा होता. बायको कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती, गोल गोल, खाली मान घालून. माजींनी दाराकडे बघितलं. जन्मात त्यांच्या हातून एवढं देखणं काम झालं नव्हतं, तेही अर्धं दुसऱ्यांनी केलेलं. ते सांगायला त्यांची जीभ शिवशिवत होती. त्यांनी फोन एका हातात धरला आणि दुसरा हात, पाचही बोटं पसरून, दारावर दाबला. हात अलगद उठला. काहीही मागं राहिलं नाही.

"नाही रे," माजी म्हणाले. "अजून चिकटतंय. जवसाचं आहे ना, वेळ घेतं."

सुतारानं तोंड उघडलं. माजींनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं चेअरमन असतानाही कधी कुणाकडे बघितलं नसेल. सुतारानं तोंड मिटलं.

"किती दिवस लागतील?" पोरगा विचारत होता.

माजींनी फोनवर हात ठेवला आणि बहिणींकडे वळून, कमिटीत विचारायचे तसं, गंभीरपणे विचारलं की काय सांगू. ताई डोळे बारीक करून लांबूनच दाराकडे बघत म्हणाली की तो वरचा कोपरा फिका वाटतोय. बायको तोवर उठून तेलाच्या बाटलीचं झाकण उघडायला लागली होती.